नमुना नंबर चौदा

सुरुवात किमयाच्या अ‍ॅडमिशनपासून झाली.
जात पडताळणीला पुरावा हवा होता सदुसष्टच्या आधीचा,
भाऊ म्हणाला, तू रिटायर आहेस,
तूच जा अमळनेरला.

आधी शाळा.
दाखल-खारीज रजिस्टरात वडील, दोन्ही काका, आत्यासुद्धा,
सगळ्यांचा जन्म एक जूनचा.
हेडमास्तर हसले : मॅडम,
अर्धा खान्देश एक जूनलाच जन्मला.
तारीख मी तशीच उतरवून घेतली
आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलं,
खरी नाही. दुसरी मिळेपर्यंत.

मग शिरपूरला फोन. लोटनकाका, वय चौऱ्याऐंशी.
“कसाले उकरी ऱ्हायनी, बाई?
मरेल मानसं साक्षी देतीन का?”
असं म्हणून अर्धा तास बोलले :
बोरीच्या काठी नांदी पुरलेल्या,
बापाचे हात कोपरापर्यंत निळे,
लग्नात हळद लावली तर हिरवी दिसली म्हणे.
हे कुठल्या रकान्यात घालू?

तहसील कचेरी. साहेब मीटिंगला.
दुसऱ्या दिवशी साहेब आहेत, किल्ली नाही.
तिसऱ्या दिवशी लाल फडक्यातून निघालं कोतवाल बुक,
नमुना नंबर चौदा, जन्म-मृत्यू,
पानं अशी की श्वास जपून सोडावा.
रेघेला लोंबकळणारी मोडी,
हात न उचलता लिहिलेली,
मला त्यातलं काही म्हणता काही लागेना.
देवरे मास्तर पानामागे शंभर रुपये घेतात.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाक पानाला लावलं :
“उखा वल्द सावळा. रंगारी.”

आमच्या भिंतीवर ते उत्तमराव आहेत.
चंदनाचा हार, खाली कैलासवासी.
उखा हे नाव घरात कुणी काढलं
की वडील उठून पाणी प्यायला जात.

रंगारी हा शब्द मिळाला होता. काम झालं होतं.
नक्कल मागायची, फी भरायची,
चारच्या गाडीनं परत.
पण मास्तरांचं बोट वर सरकत गेलं, मागच्या सालांत,
मी थांबवलं नाही.
सावळा रंगारी, मुलगी, आठ दिवसांची.
सावळा रंगारी, मुलगा, दीड वर्ष, ताप.
सावळा रंगारी, मुलगी, नाव नाही.
मास्तरांनी चष्मा खाली घेतला.
“म्हणून उखा,” म्हणाले.
“उकिरड्यावर टेकवून उचललेला.
कचरा म्हटलं की यम पुढं जातो.”

बाहेर टपरीवर चहा घेतला, दोनदा.
साठ वर्षं ज्या नावाची आम्हाला लाज
ते कुणीतरी हात जोडून ठेवलेलं होतं.

कुणी?
बुकात बापाचं नाव आहे, जात आहे,
मरणाचं कारण आहे.
चार वेळा बाळंत झाली तिला रकाना नाही.
काकांना पुन्हा फोन लावला. बराच वेळ गप्प.
“तिले तं समदा मायच म्हनेत.”

किमयाला सर्टिफिकेट मिळालं, पेढेही झाले.
प्रतिज्ञापत्रातली वंशावळ माझ्या अक्षरात आहे :
सावळा, उखा, उखाचे तीन मुलगे, मग माझा भाऊ, मग किमया.
मी त्यात नाही. नियमच तसा, चालायचंच.
घरच्या कागदावर मात्र मी पुन्हा काढली,
मोठी, वर्तमानपत्राएवढी.
त्यात आत्या आली, मी आले,
आठ दिवसांची आली.
सावळाशेजारी पेन्सिलीनं एक गोल,
आत माय.

काका म्हणतात, माहेर एरंडोलकडचं असावं.
किंवा धरणगावचं.
तिथली बुकं निम्मी वाळवीनं खाल्ली, असंही ऐकते.
मंगळवारी जाईन. सोमवारी साहेब मीटिंगला असतात.